शाळा ‘टायटल वन’ आहे, मग काय झालं?

शाळा सुरू होऊन महिना झाला, की मुलांच्या दप्तरातून निघणाऱ्या कागदांच्या ढिगात एक पत्र हमखास असतं: ‘आपली शाळा टायटल वन कार्यक्रमात सहभागी आहे.’ टायटल वन म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून मिळणारा जादा पैसा. या वेळी वाचकांच्या बऱ्याच पत्रांचा विषय तोच आहे. न्यू जर्सीतल्या सार्वजनिक शाळांत मी आधी वाचन शिकवलं, मग पालक-संपर्काचं काम केलं. ही पत्रं पाकिटात भरून घरोघरी पाठवणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे ती किती रुक्ष असतात हे मी जाणते. पालकांना माहिती द्यायची असा कायदा आहे म्हणून माहिती दिली जाते. ती कळलीच पाहिजे अशी घाई कुणाला नसते. वाचकांची पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

ताई, आम्ही जूनमध्ये सेंट्रल जर्सीत घर घेतलं. मुलगी तिसरीत आहे. पहिल्याच महिन्यात शाळेचं हे पत्र आलं. नेटवर शोधलं तर ‘गरीब मुलांची शाळा’ असंच सगळीकडे. मिस्टर म्हणतात आपण फसलो, दोन वर्षांत घर विकून दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर मी शाळेचं नाव सांगायचं टाळते. अशी शाळा खरंच वाईट असते का? – एक आई, न्यू जर्सी

घर विकू नका. निदान या पत्रापायी तरी नकोच.

आधी पैशाचं गणित बघू. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचा बहुतेक खर्च राज्य सरकार आणि स्थानिक कर यांतून भागतो, आणि स्थानिक कर म्हणजे मुख्यतः घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स. केंद्राचा वाटा साधारण दहावा हिस्सा. जिथे घरं महाग तिथे कर जास्त गोळा होतो आणि शाळेच्या हाताशी पैसा राहतो. जिथे भाड्याची घरं जास्त आणि उत्पन्नं कमी, तिथल्या मुलांना गरज जास्त असते पण शाळेकडे पैसा कमी. ही तूट थोडी तरी भरून निघावी म्हणून १९६५ साली प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याचा पहिला भाग म्हणजे टायटल वन. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिलला टेक्सासमध्ये, लहानपणी ते शिकलेल्या एकखोली शाळेपाशी, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून त्यावर सही केली. त्यात दिखावा होताच, राजकारणी माणूस तो. पण तरुणपणी याच जॉन्सननी कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवलं होतं. उपाशीपोटी वर्गात येणारं मूल काय शिकू शकतं आणि काय नाही, हे त्यांनी समोर पाहिलेलं होतं. पुढे कायद्याची नावं बदलली. २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ आला, २०१५ मध्ये ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’. टायटल वन मात्र टिकून राहिलं. गेली काही वर्षं त्यावर वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास खर्च होतोय.

हा पैसा वॉशिंग्टनहून राज्याकडे, राज्याकडून डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, आणि तिथून शाळेकडे येतो. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं कुठल्या शाळेत किती टक्के आहेत, त्यावरून डिस्ट्रिक्ट आपल्या शाळांची क्रमवारी लावतो. ७५ टक्क्यांच्या वरच्या शाळांना आधी द्यावंच लागतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर शाळेला तो पैसा सगळ्या मुलांसाठी, अख्खी शाळा सुधारण्यासाठी वापरता येतो. तुमच्या पत्रात ‘स्कूलवाइड’ असा शब्द असेल तर तुमची शाळा यातली. मग तुमची लेकही त्यात आलीच. तिच्यासाठी वेगळा अर्ज नाही, वेगळी यादी नाही.

थोडक्यात, हे पत्र शाळेच्या आसपास राहणाऱ्या घरांच्या उत्पन्नाबद्दल सांगतं. तिसरीच्या वर्गात बाई कशा शिकवतात याबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांची मुलं आणि नुकत्याच आलेल्या इंजिनिअरची मुलं एका बाकावर बसलेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. तुमच्या मिस्टरांना बहुधा नेटवर शाळांना दिलेल्या रेटिंगच्या आकड्याने घाबरवलंय. परीक्षेचे सरासरी गुण घरच्या उत्पन्नामागे फरफटत जातात, त्यामुळे रेटिंग बघताना आपण बऱ्याचदा शाळा बघतच नसतो, शेजाऱ्यांचे पगार बघत असतो. त्याऐवजी राज्याच्या वेबसाइटवर शाळेचं प्रगतिपुस्तक उघडा. ते प्रसिद्ध करणं राज्यावर कायद्याने बंधनकारक आहे. सरासरी गुण सोडून द्या आणि एका वर्षात मुलं किती पुढे गेली, सतत गैरहजर राहणारी मुलं किती, नवखे शिक्षक किती, एका मुलामागे खर्च किती, एवढं वाचा. हे आकडे वाईट निघाले तर घर विकण्याबद्दल खुशाल भांडा.

आणि पैसा येतो तर तो दिसला पाहिजे. टायटल वनच्या पैशातून वाचनाचे जादा शिक्षक, गणिताचे छोटे गट, शाळा सुटल्यावरचे वर्ग, शिक्षकांचं प्रशिक्षण असं काय काय होतं. अट एकच: हा पैसा भर म्हणून वापरायचा. केंद्राचं अनुदान आलं म्हणून डिस्ट्रिक्टला स्वतःचा हात आखडता घेता येत नाही. तुमच्या शाळेत यातून काय झालं हे मुख्याध्यापकांना विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्कच आहे. मंडळात शाळेचं नाव लपवण्यापेक्षा यात वेळ घालवलेला बरा.

आमचा मुलगा पहिलीत आहे. शाळेने कळवलं की त्याची ‘टायटल वन रीडिंग’ गटासाठी निवड झाली आहे. आम्ही दोघंही आयटीत, उत्पन्न चांगलं आहे, मग आमची निवड कशी? त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसेल का? आई म्हणते, घरी मराठी बोलता म्हणून असं झालं, आता इंग्लिशच बोला. – एक बाबा, शिकागोजवळ

तुमच्या शाळेत दुसरा प्रकार दिसतो, ‘टार्गेटेड असिस्टन्स’. यात पैसा ठरावीक मुलांवरच खर्च होतो. गंमत अशी, की शाळेला पैसा मिळतो तो गरिबीच्या आकड्यावरून, पण शाळेतलं मूल निवडलं जातं ते अभ्यासात कुठे अडतंय यावरून. तिथे बापाच्या पगाराचा संबंध नाही. तुमची पे-स्लिप कुणी पाहिलेली नाही.

निवड अशी होते: वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या पहिलीची छोटी चाचणी घेतात. अक्षर दाखवून आवाज विचारतात, अर्थ नसलेले तीन अक्षरी शब्द वाचायला लावतात, म्हणजे मूल पाठांतरावर चालतंय की आवाज जोडून वाचतंय ते कळतं. काही ठिकाणी मिनिटभरात किती शब्द नीट वाचले तेही मोजतात. त्यात जी मुलं खाली राहतात त्यांचा तीन-चार जणांचा गट करून वाचनाच्या बाई वेगळं शिकवतात. मी हेच काम केलंय, आणि छातीठोकपणे सांगते, पहिलीतली ही अर्धा तासाची बैठक हा सार्वजनिक शाळेतला सगळ्यात कामाचा पैसा आहे. हेच मूल चौथीत माझ्याकडे आलं असतं तर दुप्पट मेहनत पडली असती, आणि तोवर ‘मला वाचता येत नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

शिक्क्याचं म्हणाल तर हा गट म्हणजे स्पेशल एज्युकेशन नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे, वेगळी तपासणी आहे, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय ती सुरू होत नाही. इथे मूल मार्गाला लागलं की गटातून बाहेर पडतं. तुम्ही बाईंना एवढंच विचारा, की त्याला कुठल्या तासाला बाहेर नेणार. मुख्य वाचनाचा तास बुडवून वाचनाच्या गटाला नेत असतील तर ते मला पटत नाही, आणि तसं तुम्ही सांगू शकता. दर किती आठवड्यांनी मोजणार, आणि कुठवर पोचला की गट सुटणार, हेही विचारून घ्या.

आता आईंचा सल्ला. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हा सल्ला ऐकू नका. शब्दातले आवाज सुटे करून ऐकणं, ते परत जोडणं ही वाचनाची खरी किल्ली. ती मूल कुठल्याही भाषेत शिकलं तरी दुसऱ्या भाषेत कामी येते. आजीच्या बडबडगीतांतलं यमक त्याला कळत असेल तर इंग्लिश यमकही कळेल. मराठी मुलं अडखळतात ती वेगळ्याच जागी. आपल्याकडे ‘व’ एकच, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांच्या स्पेलिंगची सुरुवात त्यांना सारखीच वाटते. ‘पेन’ आणि ‘पॅन’मधला स्वर कानाला एकच लागतो. मूल ‘व्हेस्ट’चं स्पेलिंग डब्ल्यूने करतं आणि बाई खूण करतात, वाचनात कच्चा. हा वाचनदोष नाही, कानाची सवय आहे, आणि थोड्या सरावाने सुटते. शिक्षिकेला हे सांगा; मराठीचे आवाज तिला माहीत असण्याचं कारण नाही. रात्री मराठीतच गोष्ट सांगा, इंग्लिशचं शाळा बघेल.

यावरून आणखी एक. प्रवेशाच्या वेळी ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचा कागद भरून घेतात. आपले कितीतरी लोक घरी अखंड मराठी बोलतात आणि तिथे ‘इंग्लिश’ लिहितात, मूल ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्लिश दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गात, टाकतील या भीतीने. असं करू नका. खरं लिहा. त्यानंतर मुलाची इंग्लिशची चाचणी होते. त्यात बऱ्यापैकी आलं तर विषय तिथेच संपतो. मदतीची गरज निघाली तर शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं: का निवडलं, पातळी काय, कशा पद्धतीने शिकवणार, बाहेर कधी पडता येईल. आणि नको असेल तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. दरवर्षीची चाचणी मात्र चुकत नाही.

सौ. ताईंस, स. न. वि. वि. मी निवृत्त बँक अधिकारी, सध्या मुलगा-सुनेकडे कायमच्या वास्तव्यास. दोघेही हॉस्पिटलात, ड्युट्या वेड्यावाकड्या. नातीच्या शाळेतून ‘कंपॅक्ट’ नामक कागद सहीसाठी आला आहे. आयुष्यभर न वाचता सही करू नका असे ग्राहकांना सांगत आलो, म्हणून विचारतो: हा करार कायदेशीर बंधन आहे काय? तसेच गुरुवारी संध्याकाळी पालकांची सभा आहे. आजोबांनी गेलेले चालते काय? माझे इंग्रजी कागदावर उत्तम, पण इथले उच्चार झेपत नाहीत. – एक आजोबा, ओहायो

काका, नमस्कार. तो कागद म्हणजे स्टँप पेपर नाही. निर्धास्त सही करा, पण तुमच्या सवयीप्रमाणे वाचून करा, कारण त्यात तुमच्या फायद्याचं बरंच आहे. १९९४ पासून टायटल वन शाळेला असा कागद पालकांबरोबर बसून तयार करावा लागतो. शाळा काय करेल, घरचे काय करतील, मूल काय करेल. आपण लोक ‘घरी रोज वाचून घेऊ’ एवढ्याच ओळीकडे बघतो. शाळेची बाजू वाचा. प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा शिक्षकांशी समोरासमोर भेट, प्रगती वरचेवर कळवणं, शिक्षकांना भेटायची वाजवी सोय, वर्गात मदत करायची आणि वर्ग बघायची संधी, हे सगळं त्यात असायला हवं. सही केली नाही म्हणून नातीला कुणी काही करणार नाही, आणि केली म्हणून तुम्हाला कुणी कोर्टात नेणार नाही.

सभेला जरूर जा. या कायद्यात ‘पालक’ या शब्दाच्या व्याख्येत मूल ज्यांच्या घरी राहतं आणि जे आईबापांच्या जागी असतात ते आजीआजोबाही येतात. नातीचे गुण किंवा फाइल बघायची असेल तर मात्र मुलाकडून दोन ओळींचं संमतिपत्र न्या. तिथे खासगी माहितीचा नियम आड येतो. सर्वसाधारण सभेला तेही लागत नाही.

ही वार्षिक सभा शाळेला घ्यावीच लागते. शाळा टायटल वन आहे म्हणजे काय, पैसा कशावर जातो, पालकांचे हक्क कोणते, हे तिथे सांगायचं असतं. प्रत्यक्षात मी अशा कितीतरी सभा पाहिल्या, जिथे मुख्याध्यापक पडद्यावरच्या चार ओळी वाचून दाखवतात, मागच्या रांगेत सात-आठ पालक आणि एक पेंगुळलेलं बाळ, आणि सगळ्यांचं लक्ष पिझ्झाकडे. शाळांना दोष देऊन भागणार नाही. ऐकायला कुणी नसेल तर सांगणाराही उरकतोच. तिथे ताळेबंद वाचता येणारा माणूस गेला तर चित्र बदलतं. तुम्ही विचारायचं ते असं: डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरहून जास्त टायटल वन निधी मिळत असेल तर त्यातला निदान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवावा लागतो, आणि त्यातले निदान ९० टक्के शाळांपर्यंत पोचावे लागतात. आपल्या शाळेच्या वाट्याला किती आले? ते कशावर खर्च झाले? हा खर्च ठरवताना पालकांना विचारलं होतं का? विचारायलाच हवं असतं. सभेला येण्याजाण्याची सोय, सभा चालू असताना मुलं सांभाळण्याची सोय, यावरही हा पैसा खर्चता येतो. रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी दुसरी बैठक घ्या असं सुचवा; सभांच्या वेळा पालकांच्या सोयीने बदलत्या ठेवाव्यात अशीच कायद्याची अपेक्षा आहे. आणि शाळेचा टायटल वन आराखडा पालकांना पटला नाही, तर त्यांचं म्हणणं त्या आराखड्यासोबत डिस्ट्रिक्टकडे पाठवावं लागतं. म्हणजे लेखी द्या. बँकेत होतात, तेव्हा ‘तोंडी तक्रार’ म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार!

उच्चारांचं: दुभाषा मागा, सभेच्या काही दिवस आधी, ईमेलने. ज्यांना इंग्लिश नीट कळत नाही त्यांच्यापर्यंत शाळेची माहिती त्यांना कळेल अशा भाषेत पोचवणं ही शाळेची जबाबदारी आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी दुभाषा समोर येऊन बसेल अशी आशा धरू नका, बहुतेक वेळा फोनवरचा मिळतो. ‘हिंदी चालेल का’ विचारतील. चालत असेल तर हो म्हणा, नसेल तर संकोच न करता नाही म्हणा. नातीला मात्र दुभाषी करू नका. स्वतःबद्दलची तक्रार मूल कशी भाषांतरित करतं हे मी ऐकलंय, फार मनोरंजक असतं.

मी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर) आहे, ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. मुलांची शाळा टायटल वन आहे आणि वर लंचसाठी उत्पन्नाचा फॉर्म आलाय. हे सरकारी मदत घेणं धरलं जाईल का? – एक आई, टेक्सास

दोन गोष्टी वेगळ्या करा. टायटल वनचा पैसा शाळेला मिळतो. तुम्ही अर्ज केलेला नाही, तुमच्या नावावर काही जमा होत नाही, शाळेला तुमचा व्हिसा विचारायचं कारण नाही. सार्वजनिक शाळेचं दार कागदपत्रांवरून बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर खटल्यात सांगितलं, आणि तो खटला तुमच्याच टेक्सासमधला.

लंचचा फॉर्म तुमचा असतो. उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत आणि १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मोफत जेवण मिळतं. त्यावर इमिग्रेशनबद्दल प्रश्न नसतो. तुम्ही पात्र असाल तर भरायचा की नाही हे तुमच्या वकिलांना एकदा विचारून घ्या. त्यांच्या क्षेत्रात मी नाक खुपसत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये याच फॉर्मांवरून शाळांची गरिबीची टक्केवारी निघते. पात्र घरांनी लाजून तो भरला नाही, तर शाळेचा आकडा खाली येतो आणि पैसाही. काही शाळांत सगळ्यांनाच मोफत जेवण असतं, तिथे लंचचा फॉर्म येतच नाही.

मुलीच्या सहावीच्या गणिताला ऑक्टोबरपासून बदली शिक्षक आहेत. रोज वर्कशीट, शिकवणं नाही. विचारलं की ‘भरती चालू आहे’. काही करता येतं का? – एक बाबा, कॅलिफोर्निया

टायटल वन शाळा असेल तर येतं. त्या वर्गाला, त्या विषयाला लागणारी राज्याची पात्रता नसलेला शिक्षक सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवत असेल, तर शाळेने होऊन पालकांना कळवायचं असतं. असं पत्र आलं का बघा. नसेल तर तुम्ही लिहा: या शिक्षकांकडे या इयत्तेचं आणि विषयाचं लायसन्स आहे का, ते तात्पुरत्या परवान्यावर आहेत का, त्यांचं प्रमाणपत्र कोणत्या विषयातलं आहे. वर्गात मदतनीस असतील तर त्यांची पात्रताही विचारता येते. शाळेने वेळेत उत्तर द्यायचं असतं. उत्तराने शिक्षक आभाळातून पडणार नाही, गणिताच्या शिक्षकांची ओढाताण खरीच आहे. पण पाच पालकांची अशी पाच पत्रं टेबलावर आली की बदली शिक्षकांच्या हातात निदान नीट धडा द्यायची व्यवस्था होते, असा माझा अनुभव आहे.

आमची मुलगी कॅथलिक शाळेत जाते, आम्ही राहतो तो भाग टायटल वन शाळेचा आहे. आम्हाला काहीच नाही का? – एक आई, पेनसिल्व्हेनिया

असू शकतं. तुमचा पत्ता टायटल वन शाळेच्या हद्दीत आहे आणि मुलगी अभ्यासात मागे पडते आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तर सार्वजनिक डिस्ट्रिक्टतर्फे तिला जादा शिकवणी मिळू शकते. फीमध्ये सूट किंवा रोख काही नाही, आणि शिकवणं धर्मनिरपेक्षच. ती शिकवणी तिच्याच शाळेच्या इमारतीत होऊ शकते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला मनाई केली होती, तेव्हा काही ठिकाणी शाळेबाहेर व्हॅन उभी करून त्यात मुलांना शिकवत. १९९७ मध्ये न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला आणि शिक्षक पुन्हा आत गेले. डिस्ट्रिक्टने तुमच्या शाळेशी दरवर्षी याबद्दल बोलणी करायची असतात, तेव्हा तुमच्या मुख्याध्यापिकांना विचारा, या वर्षीची बोलणी झाली का आणि मुलीचं नाव कुणाकडे द्यायचं.